विमलबाई घरत आणि एकच फाटक

आमच्या सोसायटीचं नाव ‘गाढी व्ह्यू’. गाढी नदी तिथून दिसत नाही. गच्चीवरच्या टाकीवर चढलं तर दिसते असं बिल्डर म्हणाला होता. आजवर कोणी चढून खात्री केलेली नाही. पनवेलजवळ करंजाड्यात अशा सात मजल्यांच्या, दोन विंगांच्या इमारती पुष्कळ आहेत. पण आमच्या इमारतीखालची जमीन कोणाची होती हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. कारण ती मालकीण बी विंगेत पहिल्या मजल्यावर, बरोबर फाटकाच्या डोक्यावर राहते आणि दिवसातून एकदा तरी त्याची आठवण करून देते.

विमलबाई घरत. वय एकाहत्तर, अंगाने वाळक्या बोंबलासारख्या, आवाज मात्र पनवेलच्या स्टँडवरून ऐकू यावा असा. सासऱ्यांची भातशेती सरकारने घेतली, बदल्यात त्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा भूखंड मिळाला, त्यावर बिल्डरने इमारत चढवली आणि बाईंच्या वाट्याला तीन फ्लॅट आले. दोन भाड्याने दिलेत, तिसऱ्यात त्या एकट्या राहतात. मुलगा धनेश उरणकडच्या बंदराजवळ, द्रोणागिरीला, कंटेनरच्या गाड्या चालवायला देतो आणि तिकडेच राहतो. तरुणपणी विमलबाई नवऱ्याबरोबर भेंडी, गवार पिकवायच्या आणि पनवेलच्या बाजारात विकायच्या. आता काही पिकवायचं उरलं नाही, म्हणून त्या बाल्कनीत बसून आमच्यावर लक्ष ठेवायच्या.

मी नंदकुमार, या सोसायटीचा सेक्रेटरी. विमा कंपनीतून निवृत्त झालो आणि ज्या सभेला मी गेलो नव्हतो त्या सभेत माझी एकमताने निवड झाली. पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्याच सहीने झाली, हे आधीच सांगून टाकतो.

चार वर्षांपूर्वी तेजस नावाचा एक गोड बोलणारा मुलगा नारिंगी टी-शर्ट घालून आमच्याकडे आला. फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करणारं एक ॲप तो विकत होता. विकत कसला, फुकट वाटत होता. “काका, रजिस्टर कशाला? पाहुणा आला की वॉचमन टॅबवर टाकणार, तुमच्या मोबाइलवर विचारणा येणार, तुम्ही बोट लावलं की फाटक उघडणार. दोन वर्षं एक रुपया नाही. टॅबसुद्धा आमचा.” कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांचे वकील मी पाहिलेले आहेत. मी सही केली. खर्च वाचतो म्हणून दोनपैकी एक वॉचमन कमी केला, त्याबद्दल सभेत माझं अभिनंदनही झालं.

उरलेला वॉचमन मारोती, मूळचा परभणीकडचा. त्याने रजिस्टर कपाटात ठेवलं आणि टॅब असा दोन्ही हातांत धरला, जसं काही कोणाचं तान्हं मूल सांभाळायला दिलंय.

अडचण एकच होती. विमलबाईंकडे बटणांचा फोन. त्यामुळे त्यांच्याकडे कोण आलं, ही विचारणा द्रोणागिरीला धनेशच्या मोबाइलवर जायची. विमलबाईंची भाची सोनम उरणकडून मासळीची टोपली घेऊन यायची. ॲपमध्ये येणाऱ्यांचे प्रकार ठरलेले होते: पाहुणा, पार्सल, कामवाली, कॅब. मासेवाली नव्हतीच. मारोतीने खूप विचार करून सोनमला ‘कॅब’मध्ये घातली. मग धनेशला क्रेनच्या आवाजात मेसेज यायचा, ‘आपली कॅब दारात उभी आहे.’ धनेश वैतागून नकार द्यायचा, आणि सोनम पापलेटांसकट उन्हात उभी.

विमलबाई बाल्कनीतून ओरडल्या, “अरं ए सेक्रेटरी! माजे घरान कोन येल ता मी ठरवीन, का धनेशचा मोबाइल?”

“आजी, सुरक्षेसाठी आहे,” मी खालून म्हणालो.

“सुरक्षा कोनाची, पापलेटाची?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाल्कनीतून दोरीला बांधलेली प्लॅस्टिकची बादली खाली सोडली. मासळी वर, पैसे खाली. आठवडाभरात आजूबाजूच्या चार बायकांचं सामान त्या बादलीतून जाऊ लागलं. बादलीला परवानगी लागत नव्हती.

दोन वर्षं संपली आणि कंपनीचं बिल आलं. दर वर्षी दर फ्लॅटमागे इतके, अधिक टॅबचं भाडं, अधिक ‘सेवा अखंड राखण्याचं शुल्क’. पुढे पाहुण्याला आत घेण्याआधी मोबाइलवर जाहिरात दिसायला लागली. माझ्या बायकोची, सुनीतीची, बहीण फाटकावर भर उन्हात उभी होती आणि सुनीती वर पंधरा सेकंद मूळव्याधीच्या उपचाराची माहिती बघत होती. जाहिरात पुढे ढकलता येत नव्हती. नंतर तर कंपनीने स्वतःचा दूधवाला आणि इस्त्रीवाला आणला. ते सरळ आत यायचे. आमच्या जुन्या दूधवाल्यासाठी तीनदा विचारणा यायची, तिसऱ्यांदा बोट लावेपर्यंत चहाची वेळ टळायची.

“मग सोडून द्या ना,” लोक म्हणाले. सोडायला गेलो तेव्हा कळलं की फुकटच्या दोन वर्षांपुढे आणखी तीन वर्षांच्या करारावर मी सही केली आहे. भाडेकरूंची कागदपत्रं, गाड्यांचे नंबर, मेंटेनन्सच्या पावत्या, हॉलचं बुकिंग, सगळं त्यांच्याकडे. ते परत मागितलं तर म्हणाले, तशी सोय नाही.

मी चिडून दुसऱ्या कंपनीला फोन केला. त्यांचा माणूस संध्याकाळी आला. निळा टी-शर्ट घातलेला तेजस.

“काका, गेल्या महिन्यात आमच्या कंपनीने यांना विकत घेतलं,” तो जरा लाजत म्हणाला. “पण ॲपचा रंग वेगळाच ठेवलाय. ग्राहकाला पर्याय हवा ना!”

त्यानंतर मी पत्रं लिहायला बसलो. विमा कंपनीत तीस वर्षं लोकांना नकाराची पत्रं लिहिली होती, त्यामुळे भाषा तयार होती. पत्रं जिथे जिथे पाठवता येतील तिथे पाठवली. शेवटी एक बोलावणं आलं. मोठ्या डिजिटल कंपन्यांनी गिऱ्हाइकाला कोंडीत पकडू नये म्हणून नवे नियम करायचे की नाही, यावर लोकांचं म्हणणं ऐकायला एक सरकारी समिती बेलापूरला बसणार होती. तक्रारदाराने यावं, आणि ज्याला प्रत्यक्ष त्रास झाला अशा एखाद्या व्यक्तीला बरोबर आणावं, असं पत्रात होतं.

मी विमलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “बेलापूरला? मंग नवीन लुगरा नेसते.”

जनसुनावणीच्या हॉलमध्ये एसी इतका होता की विमलबाईंनी पदर दोनदा कानांवरून घेतला. समितीच्या अध्यक्षा राजलक्ष्मी मॅडम, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या, शांत. कंपनीकडून तीन वकील. मी माझं बारा पानांचं निवेदन वाचायला लागलो. चौथ्या पानावर समितीतले एक सदस्य डुलक्या घेऊ लागले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, “बाकीचं आम्ही वाचून घेऊ.”

मग एक वकील उठला. “मॅडम, आमच्या पक्षकाराने कोणावरही सक्ती केलेली नाही. ग्राहकाला पर्याय आहे. नको असेल तर त्याने ॲप वापरू नये.”

विमलबाई जागेवरूनच बोलल्या, “मंग घरान कसा जावाचा? भिंतीवरशी उरी मारून?”

हॉल हसला. मॅडमनी हाताने सगळ्यांना थांबवलं. “आजी, तुम्हाला काही सांगायचंय का?”

विमलबाई उठून पुढे गेल्या. माइक त्यांच्यासमोर सरकवला तसा त्यांनी तो बाजूला केला. त्यांना त्याची गरज नव्हतीच.

“बाय, मी आनि माजा घरवाला भेंडी लावायचो,” त्या म्हणाल्या. “बाजारान गोटीराम शेट व्हता. पयल्या साली त्याना आमाला फुकट गोनी दिल्या, चाय पाजली, भाव पन चांगला दिला. सगले त्याच्याकरं गेले. बाकीचे व्यापारी उपाशी मेले नि दुकान बंद करून गेले. मंग गोटीरामना भाव पारला. आमी बोललो, शेट, येवरा कमी? तो बोलला, ए बाई, नको तं घरा ने. आता सांग, भेंडी घरा नेऊन काय करू? उद्या ती कडक व्हते. ता मना ठाव व्हता नि त्याला पन ठाव व्हता.”

“मग काय केलंत?” मॅडमनी विचारलं. त्यांनी पेन हातात घेतलं होतं.

“मी काय करनार? वाशीला मोठा मार्केट झाला. तिकरं एकाला सोरून दहा दलाल. आमी टेम्पो करून तिकरं जावाला लागलो. मंग गोटीराम आपल्या पायानी माजे दारान आला नि बोलला, ‘वैनी, माल द्या.’ दहा वर्सं ‘ए बाई’ बोलत व्हता.” त्या वकिलाकडे वळल्या. “यो बोलतो मना पर्याय हाय. मना पर्याय असता तं यो पन मना वैनी बोलला असता.”

वकिलाने कागद चाळल्यासारखं केलं. मॅडमनी त्याला विचारलं, “यांची माहिती यांना परत द्यायला नेमकी अडचण काय आहे?”

“तांत्रिक, मॅडम.”

“किती दिवसांची तांत्रिक?”

तीस दिवसांत लेखी उत्तर द्या, असं सांगून मॅडमनी पुढची तक्रार पुकारली. परतताना विमलबाई म्हणाल्या, “बाई चांगली हाय. पन जेवत नाय नीट.”

अठ्ठाविसाव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. ‘सद्भावनेपोटी’ त्यांनी आम्हाला करारातून मोकळं केलं होतं. आमची माहितीही दिली, चार हजार पानांची एकच फाइल करून. तेजस स्वतः येऊन टॅब घेऊन गेला. आम्ही पेढे वाटले. विमलबाईंना सोसायटीतर्फे शाल आणि नारळ दिला आणि मी भाषणात त्यांना ‘गाढी व्ह्यूची वाघीण’ म्हणालो. ते म्हणायला नको होतं.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर विमलबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या.

“मारोती एकटा हाय,” त्या म्हणाल्या. “त्याला मानसं वलखता येत नाय. मी बसते.”

पहिले पंधरा दिवस तर स्वर्ग होता. बाईंना सगळ्यांची माणसं ठाऊक. कोणाची सासू कुठल्या गाडीतून येते, कोणाचा दूधवाला लंगडतो, कोणाकडे प्लंबर तिसऱ्यांदा आलाय. ना टॅब, ना जाहिरात. पाहुणा फाटकावर पोचायच्या आत वर हाक जायची. सुनीती म्हणाली, “हिला आधीच बसवायला हवं होतं.” मारोतीही खूश, तो आता फक्त फाटक उघडायचा आणि लावायचा.

मग हळूहळू काही गोष्टी व्हायला लागल्या.

बेलापूरच्या दिवाळे गावाहून वेणूबाई नावाची एक कोळीण ए विंगेत मासे द्यायला यायची. एके दिवशी ती परत गेली. विमलबाई म्हणाल्या, “तिची सुरमई शिली हाय.” दुसऱ्या दिवशी हलवा शिळा होता, तिसऱ्या दिवशी कोलंबी. त्यानंतर संपूर्ण गाढी व्ह्यूत फक्त सोनमची मासळी ताजी राहिली, आणि तिचे भाव चढले. सोनमच्या दर टोपलीतला एक चांगला मासा विमलबाईंच्या घरी जायचा. हे कोणी ठरवलं नव्हतं, जायचाच.

मोबाइलवरून मागवलेली भाजी आली की बाई पिशवी उघडून बघायच्या. “ही गवार? चार दिस जुनी! घेऊन जा.” डिलिव्हरीवाला बिचारा गयावया करायचा. मग अर्ध्या तासात बाईंच्या पुतण्याची भाजीची हातगाडी आत शिरायची, आणि ज्याची गवार परत गेली त्याच्या दारात जाऊन उभी राहायची.

पाचशे चारमधली उन्नती महापेला नोकरी करते. तिला भेटायला एक मित्र आला. बाईंनी त्याला फाटकावरच धरलं. “कोन तू? गाव कुठचा? तिच्याशी लगीन करनार हाईस का नुसता येतस?” तो पोरगा घामाघूम होऊन म्हणाला, करणार. विमलबाईंनी तिथूनच वर हाक मारली, “ए उन्नती! यो पोरगा लगीन करतो बोलतो! सोडू का वर?”

सात मजल्यांवरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. उन्नती बाल्कनीत आली, लालबुंद झालेली. तिला तो असं विचारणार आहे हे ठाऊक नव्हतं. खरं तर त्यालाही नव्हतं. तिने वरून मान हलवली. मार्गशीर्षात त्यांचं लग्न आहे. ते दोघं विमलबाईंवर नाराज नाहीत, पण त्या दोघांशिवाय बाकी सगळे होते.

लोकांनी शहाणपणाने मार्ग काढला. सकाळी कामाला निघताना बाईंच्या हातात काहीतरी ठेवायचं. कोणी लाडू, कोणी थालीपीठ, कोणी विड्याची पानं. ठेवणाऱ्याचं पार्सल लगेच वर. न ठेवणाऱ्याचं पार्सल फाटकापाशी उन्हात ‘तपासणी’त. माझ्या भाच्याला बाईंनी पाऊण तास उभं केलं, कारण सुनीतीने त्या आठवड्यात शिऱ्यात तूप कमी घातलं होतं. मी तोंड उघडलं, तर म्हणाल्या, “सेक्रेटरी, माजेवर विश्वास नाय तुजा? मी कोनाकडशी पैसे घेते का?” खरंच, एक रुपयाही नाही. ॲपवाल्यांनीही पहिली दोन वर्षं घेतला नव्हता.

शेवटी बावीस जणांच्या सह्यांचं पत्र माझ्याकडे आलं आणि विशेष सभा बोलावणं भाग पडलं. विमलबाईंना नोटीस द्यायची होती. मी नवीन लिहायला बसलो, पण सुचेना. मग कंपनीला पाठवलेलं जुनं पत्र काढलं. ‘प्रवेशाच्या एकमेव मार्गावर नियंत्रण’, ‘स्वतःच्या पुरवठादारांना झुकतं माप’, ‘रहिवाशांस पर्याय नसणे’. मी वरचं नाव तेवढं बदललं. बाकी एक अक्षर बदलावं लागलं नाही. सुनीतीला वाचून दाखवलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, “हे तुम्ही स्वतः नेऊन द्या. मी नाही येणार.”

सभेला विमलबाई शाल पांघरून आल्या, सत्काराचीच. धनेशसुद्धा द्रोणागिरीहून आला होता आणि मागे भिंतीला टेकून उभा होता. एकेकाने तक्रारी मांडल्या. मासळी, भाजी, पार्सल, भाचा. बाई ऐकत होत्या. शेवटी त्या उठल्या आणि भरल्या आवाजात म्हणाल्या, “मी तुमच्यासाठी उन्हान बसते. कोनावर जबरदस्ती हाय का? ज्याला पटत नाय त्याला पर्याय हाय. त्यानं या फाटकातून येव नये.”

मग मागून धनेश म्हणाला, “आये, तू त्या वकिलासारखी बोलाय लागलीस.”

पहिल्यांदा कोण हसलं कळलं नाही. बघता बघता सगळा हॉल हसायला लागला. विमलबाईंनी सगळ्यांकडे एकदा रागाने पाहिलं. मग त्यांचं तोंड हललं, खांदे हलले, आणि त्या मटकन खुर्चीत बसून हसायला लागल्या, शालीत तोंड खुपसून. बऱ्याच वेळाने डोळे पुसून म्हणाल्या, “अरं देवा. मी गोटीराम झाले.”

त्यानंतर काम सोपं झालं. दुसरा वॉचमन परत घ्यायचा ठरलं. मारोती रजिस्टर लिहिणार. कोणाच्या मासेवालीला, दूधवाल्याला, भाजीवाल्याला नाही म्हणायचा अधिकार फाटकावर कोणालाच नाही. कोणतंही ॲप घ्यायचं झालं तर एका वर्षाच्या वर करार करायचा नाही आणि आमची माहिती आमच्याकडेही राहिली पाहिजे, हेही ठरावात घातलं. विमलबाईंना बसायचं तर त्यांनी जरूर बसावं. फक्त एक अट: जो फाटक सांभाळील, त्याच्या घरच्यांचा धंदा त्या फाटकावर नको. खुर्ची तरी, नाही तर सोनमची टोपली तरी.

“यात काय विचार करावाचा?” त्या म्हणाल्या. “खुर्चीवर कोन पन बसल. मासली वलखायला डोला लागतो. मी सोनमबरोबर बसते.”

आता रविवारी सकाळी फाटकाबाहेर भिंतीला लागून दोन टोपल्या असतात. एकीकडे सोनम आणि तिच्या शेजारी पाटावर विमलबाई; दुसरीकडे वेणूबाई. पहिल्या रविवारी दोघींत चांगलीच जुंपली. दुसऱ्या रविवारी सोनमने भाव उतरवला. वेणूबाईने मासे फुकट साफ करून द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या रविवारी सोनमही द्यायला लागली, आणि वर कडीपत्ता.

गेल्या रविवारी मी पिशवी घेऊन खाली गेलो, तर विमलबाई वेणूबाईच्या टोपलीपाशी उकिडव्या बसून एका जिताड्याचे कल्ले उघडून बघत होत्या. सोनम तोंड फिरवून बसली होती.

“आजी, तुम्ही हिच्याकडून घेताय?” मी विचारलं.

“मंग?” जिताडा उचलून पिशवीत टाकत त्या म्हणाल्या. “आज हिचा ताजा हाय. सोनमला सांगून दमले, मोऱ्याचे बंदरावर लवकर जा, लवकर जा. आता जाईल.”